दारू सोडणं आणि सोडलेली राहणं



"डॉक्टरसाहेब, प्रार्थनेनं दारू सुटते का?" नांदुऱ्यात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आज त्याचं उत्तर सविस्तर लिहून ठेवतो. विचारणारं कधी रविवारी उपासनेला जाणारं ख्रिस्ती कुटुंब असतं, कधी नवऱ्यानं माळ घालावी म्हणून शेगावला नवस बोललेली बाई असते. दोघांनाही उत्तर "हो" किंवा "नाही" असं हवं असतं.

माझं उत्तर थोडं लांब आहे. दारू थांबवताना पहिले काही दिवस शरीराला डॉक्टर लागतो. त्यानंतर ती थांबलेली ठेवायला वर्षानुवर्षं माणसं लागतात. श्रद्धा या दोन्ही टप्प्यांत मोठा आधार देते, पण ती डॉक्टरच्या जागी उभी केली तर जीव जाऊ शकतो, आणि माणसांशिवाय एकटी ठेवली तर ती बहुधा टिकत नाही.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्या घरी गजानन महाराजांची पोथी वाचली जाते. तरी आज ख्रिस्ती श्रद्धेवर लिहितो आहे, कारण व्यसनमुक्तीचे जे गट आज जगभर चालतात त्यांची मुळं तिथं आहेत. दुसरं कारण माझ्या एका पेशंटचं. त्यांच्या परवानगीनं त्यांची हकिकत सांगतो, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिले चार-पाच दिवस

हे गृहस्थ पंचेचाळिशीचे, जिनिंगमध्ये कामाला. रोज देशीचे तीन-चार पव्वे, आणि सकाळी हात थरथरू नयेत म्हणून चहाच्या आधी एक घोट. एका शनिवारी रात्री प्रार्थनासभेत त्यांनी गुडघे टेकून शब्द दिला आणि त्या रात्रीपासून थेंबही घेतला नाही. सोमवारी संध्याकाळी त्यांना झटका आला. डोळे फिरले, हातपाय आखडले, जीभ चावली गेली. घरात गर्दी जमली. कोणी म्हणालं दुष्टात्मा बाहेर पडतो आहे, अजून जोरानं प्रार्थना करा. त्यांच्या मंडळीचे पाळक धावत आले आणि म्हणाले, "आधी गाडी काढा. प्रार्थना आपण गाडीत करू." त्या एका वाक्यानं त्या माणसाचा जीव वाचला असं मी आजही मानतो.

झालं काय होतं ते समजून घ्या. दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर दारू येत राहिली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागा ठेवायला शिकतो. जसं उताराला लागलेल्या गाडीचा ब्रेक सतत दाबून धरावा तसं. दारू अचानक बंद झाली की समोरचा दाब जातो, पण मेंदूचा जोर तसाच राहतो. मग शरीर उसळतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि झोप उडणं सुरू होतं. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी पळते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू होऊ शकतो.

सगळ्यांना असं होत नाही. पण जे रोज पितात, ज्यांना सकाळी उठल्याबरोबर लागते, ज्यांना आधी कधी फिट आली आहे किंवा ज्यांचं लिव्हर बिघडलेलं आहे, त्यांनी घरच्या घरी एकदम बंद करू नये. याचा अर्थ "थोडी थोडी घेत राहा" असा लावू नका. डॉक्टरकडे येऊन, गोळ्यांच्या आधारानं थांबवा. मेंदूची ही उसळी शांत करणारी औषधं आहेत. ती पाच-सात दिवस देऊन कमी करत बंद केली जातात.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे अशा पेशंटला घेऊन आले की नातेवाईक म्हणतात, "एक सलाईन लावून द्या, ताकद येईल." रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं. साखर जाळायला शरीराला हेच जीवनसत्त्व लागतं. अशा माणसाला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची सलाईन दिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, स्मरणशक्ती जाते. म्हणून आम्ही आधी थायमिनचं इंजेक्शन देतो. सलाईन लावणाऱ्याला "हे रोज दारू घेतात" एवढं सांगायला लाजू नका.

या भाऊंना झटके थांबवणारं औषध, थायमिन आणि क्षार दिले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला. पत्नी रडायला लागल्या. पाळकांनी कॉटशेजारी उभं राहून हळू आवाजात प्रार्थना केली. मी बाजूला उभा होतो. तिथं औषध आणि प्रार्थना यांचं भांडण मला कुठं दिसलं नाही.

पाचव्या दिवसानंतर काय?

बहुतेक कुटुंबांची समजूत असते की दवाखान्यातून घरी सोडलं म्हणजे काम झालं. खरं काम तिथून सुरू होतं. शरीरातून दारू गेली तरी मेंदूतल्या खुणा राहतात. बसस्टँडजवळचं ते दुकान, पगाराचा दिवस, कापूस विकून खिशात आलेले पैसे, लग्नाची वरात, बायकोशी झालेलं भांडण, संध्याकाळचे सात. यातली एखादी खूण दिसली की इच्छा उसळते. झोप आणि मन पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. म्हणून पहिलं वर्ष सगळ्यांत अवघड.

यासाठी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही पुन्हा पिण्याची शक्यता कमी करतात. डायसल्फिराम घेतलेल्या माणसानं दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. लिव्हर, किडनी आणि हृदय तपासून डॉक्टर यांतलं एक निवडतात. डायसल्फिराम भाजीत किंवा चहात गुपचूप कालवून देऊ नका. जाहिरातीतल्या "न सांगता दारू सोडवा" अशा पुड्यांपासूनही दूर राहा. नकळत दिलेल्या औषधावर तो माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं, आणि नंतर तो घरच्या ताटावरही विश्वास ठेवत नाही.

पण गोळी संध्याकाळी सात वाजता सोबतीला बसत नाही. तिथं माणूसच लागतो. हे ज्यानं आधी ओळखलं त्याची गोष्ट सांगतो.

हॉटेलच्या लॉबीतला फोन

बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला दलाल. दारूनं पार बुडालेला. डिसेंबर १९३४ मध्ये तो तिथल्या टाऊन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांच्याकडे पुन्हा दाखल झाला आणि त्यानंतर त्यानं दारू घेतली नाही. त्या काळात ऑक्सफर्ड ग्रुप नावाची एक ख्रिस्ती चळवळ होती. आपले दोष प्रामाणिकपणे पाहावेत, दुसऱ्याजवळ ते कबूल करावेत, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करावी आणि देवाच्या मार्गदर्शनासाठी शांत बसावं, अशी तिची शिकवण. बिल तिच्यात सामील झाला होता.

मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन व गावातल्या चर्चची यादी. बिलला कळलं की आता आपण बारमध्ये जाणार. त्यानं यादीतल्या एका धर्मगुरूला फोन लावला आणि आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे असं सांगितलं. त्या फोनमधून पुढं ओळखी निघाल्या आणि त्याची गाठ पडली डॉ. रॉबर्ट स्मिथ या सर्जनशी. डॉक्टर स्वतः व्यसनी होते. पंधरा मिनिटं बोलू म्हणून आलेले डॉक्टर काही तास बसले. त्यांनी १० जून १९३५ ला शेवटची दारू घेतली. हाच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

डॉक्टर म्हणून मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बिलनं फोन केला तो डॉ. स्मिथना वाचवायला नाही, स्वतःला वाचवायला. देवावर त्याची श्रद्धा बसली होती, तरी त्या संध्याकाळी त्याला आपल्यासारखा आजार असलेला माणूस समोर हवा होता.

सुरुवातीच्या सदस्यांना बायबलमधलं याकोबाचं पत्र विशेष प्रिय होतं. त्यात एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा असा उपदेश आहे. १९३९ मध्ये एएचं मुख्य पुस्तक आलं तेव्हा बारा पायऱ्या लिहिल्या गेल्या. पहिली पायरी म्हणजे दारूपुढं आपण हतबल आहोत ही कबुली. मध्ये स्वतःची झाडाझडती, दुसऱ्या माणसाजवळ कबुली आणि नुकसानभरपाई. शेवटची, हा निरोप दुसऱ्या पीडित माणसापर्यंत नेणं. गटात नास्तिकही होते. त्यांचा विचार करून देवाचा उल्लेख "ज्याला जसा उमगेल तसा ईश्वर" या अर्थानं केला गेला. म्हणून आज तिथं हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती आणि देव न मानणारेही एकाच बाकावर बसतात. फी नसते, नाव विचारलं जात नाही.

बांद्र्याचे फादर जो

आपल्या महाराष्ट्रात याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे फादर जो परेरा. मुंबई धर्मप्रांतातले कॅथलिक धर्मगुरू. ते स्वतः दारूच्या व्यसनात सापडले होते आणि एएच्या मदतीनं सावरले. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. १९८१ मध्ये त्यांनी बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आधारानं कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुढं वसई, पुणे, गोवा आणि इतर राज्यांतही तिची केंद्रं झाली. फादर हे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. एएच्या बारा पायऱ्या, गटातलं बोलणं आणि योगासनं अशी जोड त्यांनी दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जरा विचार करा. रोज वेदीपुढं उभा राहणारा, प्रार्थना हेच ज्याचं आयुष्य, असा माणूस. त्यालाही दारूनं धरलं. म्हणजे व्यसन श्रद्धेच्या अभावामुळं होतं हे खरं नाही. आणि त्यालाही बाहेर येण्यासाठी एका साध्या खोलीत खुर्चीवर बसून "मी व्यसनी आहे" असं दहा माणसांत म्हणावं लागलं. "याची भक्ती कमी पडली" असं व्यसनी माणसाला बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

धर्माचा रंग नको असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुम्हाला माहीत असेल. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा हात होता. तिथंही नंतरच्या गटभेटींवर आणि कुटुंबावर भर आहे. नावं वेगळी, पण आजार ओळखण्याची दृष्टी तीच.

याला पुरावा आहे का?

आहे. २०२० मध्ये कोक्रेन या नामांकित संस्थेनं २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून आढावा काढला. एएकडे पद्धतशीरपणे जोडून दिलेल्या लोकांपैकी सुमारे ४२ टक्के एक वर्षानंतर पूर्णपणे दारूमुक्त होते. इतर मान्यताप्राप्त समुपदेशन घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. फरक छोटा वाटेल, पण ही फुकट मिळणारी गोष्ट आहे. आणि याच आकड्याची दुसरी बाजूही पाहा. चांगला गट मिळूनही निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात कधीतरी घसरतात. म्हणून घसरल्यावर काय करायचं हे आधीच ठरवलेलं असावं.

आपल्या देशाची स्थिती सांगतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना तिच्यामुळं मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळतो.

साक्ष आणि कबुली

आता आपल्या भाऊंकडे येतो. दवाखान्यातून गेल्यावर अकरा महिने त्यांनी दारू घेतली नाही. मंडळीत त्यांचा मान वाढला. आजूबाजूच्या गावांतल्या सभांत त्यांना साक्ष द्यायला उभं करू लागले. "प्रभूनं मला सोडवलं" हे ते मनापासून सांगत आणि लोकांचे डोळे भरून येत.

मग भाच्याचं लग्न आलं. वरातीत कोणीतरी ग्लास हातात दिला. दोन घेतले. दुसऱ्या दिवशी लाज वाटली म्हणून पुन्हा घेतली. तीन आठवडे ते उपासनेला गेले नाहीत, जिनिंगमध्ये सीझन आहे असं सांगत राहिले. माझ्याकडे आले ते पोटदुखीसाठी. तपासताना वास आला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "साहेब, कोन्त्या तोंडानं जाऊ आता? मी तं साक्ष देल्ली होती ना."

वाचकहो, हे वाक्य नीट ऐका. देव त्यांना परका झाला नव्हता. मंडळीनंही त्यांना हाकललं नव्हतं. पण विजयाची गोष्ट सांगायला त्यांच्याकडे स्टेज होतं आणि पराभवाची गोष्ट सांगायला कोपरा नव्हता. ज्या ठिकाणी फक्त सुटल्याचं कौतुक होतं, तिथं घसरलेला माणूस लपतो, आणि लपलेला माणूस पीत राहतो.

मी त्यांना सांगितलं की शुगरच्या पेशंटची शुगर दिवाळीत वाढली तर आपण त्याला पापी म्हणत नाही. औषध बघतो, खाणं बघतो, पुन्हा सुरुवात करतो. इथंही तेच. नाल्ट्रेक्सोन सुरू केली आणि एएच्या मीटिंगला जायला सांगितलं. त्यांना भीती होती ती ओळखीची. नांदुऱ्यासारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून ते दर आठवड्याला रेल्वेनं दुसऱ्या गावी जाऊ लागले. पहिल्या मीटिंगहून आले आणि म्हणाले, "तिथं एक मानूस एकोनीस वर्सापासून पेला नाही, तरी म्हन्ते मी दारुड्याच आहो, फक्त आज पेलो नाही."

साक्षीत आणि कबुलीत हाच फरक आहे. साक्ष झालेल्या गोष्टीची असते. कबुली आजची असते, ती दर आठवड्याला करता येते आणि घसरलेल्या आठवड्यातही करता येते. दारूमुक्त राहायला दुसरी जास्त उपयोगी पडते.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. भाऊ हिंमत करून पाळकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. पाळक रागावले नाहीत. त्यांनी गुरुवारी संध्याकाळी एका घरात चार-पाच पुरुषांचं बसणं सुरू केलं. तिथं भाषण नाही, कोणाला उभं करून दाखवणं नाही. प्रत्येकाला दोनच प्रश्न. या आठवड्यात इच्छा कधी झाली? तेव्हा काय केलं? शेवटी प्रार्थना आणि चहा. तिथलं बोलणं बाहेर जात नाही. काही महिन्यांनी शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ येऊ लागले. ते ख्रिस्ती नाहीत, दोनदा माळ घालून दोनदा उतरवलेली. प्रार्थनेच्या वेळी ते आपलं विठ्ठलाचं नाव घेतात आणि कोणी त्यांना टोकत नाही.

त्या लग्नाला आता सहा वर्षं होऊन गेली. मध्ये एकदा, वडील वारले तेव्हा, भाऊ पुन्हा एक दिवस प्यायले. पण त्याच रात्री त्यांनी गुरुवारच्या गटातल्या एकाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं माझ्याकडे आले. पहिल्या वेळी तीन आठवडे लागले होते, या वेळी एक रात्र. डॉक्टर म्हणून मी प्रगती अशी मोजतो.

चर्चला जाणाऱ्या वाचकांसाठी व्यवहाराच्या गोष्टी

प्रभुभोजनातला प्याला. तुमच्या मंडळीत प्याल्यात आंबवलेली वाइन असते की द्राक्षाचा रस, हे पाळकांना आधी विचारा. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत रसच असतो. अमेरिकेतले मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये द्राक्षरस न आंबता टिकवण्याची पद्धत काढली ती प्रभुभोजनासाठीच. कॅथलिक मिस्सामध्ये नुसत्या भाकरीच्या रूपात घेतलेला ख्रिस्तप्रसादही पूर्ण मानला जातो, प्याला घ्यावाच लागत नाही. व्यसनातून बाहेर आलेल्या धर्मगुरूंनाही परवानगीनं न आंबलेला रस वापरता येतो. डायसल्फिराम घेणाऱ्यांनी वाइनचा घोटही घेऊ नये. अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधंही टाळावीत.

उपवास-प्रार्थना. दारू थांबवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उपवास करू नका. शरीरात साखर, क्षार आणि थायमिन आधीच कमी असतात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास आणखी धोक्याचा.

गोळ्या. "विश्वास असेल तर गोळ्या कशाला?" असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की चष्मा लावून बायबल वाचणाऱ्याला आपण अविश्वासी म्हणत नाही. गोळ्या कमी करायच्या की बंद करायच्या हे डॉक्टरशी बोलून ठरवा.

साक्ष. नुकत्याच सुटलेल्या माणसाला लगेच स्टेजवर उभं करू नका. पाळकांना आणि वडीलजनांना माझी ही हात जोडून विनंती आहे. पहिलं वर्ष त्याला मागच्या बाकावर शांत बसू द्या.

एक माणूस. रात्री दहा वाजताही फोन उचलेल अशा एका माणसाचा नंबर मोबाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा. एएमध्ये याला स्पॉन्सर म्हणतात. तो स्वतः व्यसनातून बाहेर आलेला असावा.

ख्रिस्ती नसाल तर

वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे. आपल्याकडे माळकरी माणूस दारूला शिवत नाही. ती माळ काम करते, कारण तिच्यामागं दिंडी असते, एकादशी असते, भजनाला बसणारी माणसं असतात, संध्याकाळ भरलेली असते. संशोधकांनाही हेच आढळलं आहे. गट उपयोगी पडतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे माणसाचं मित्रमंडळ बदलतं. पिणारे कमी होतात, न पिणारे वाढतात. नुसती माळ गळ्यात घालून जुन्याच कट्ट्यावर बसलात तर ती फार दिवस राहणार नाही. हेच बायबलबद्दल आणि हेच कुराणाबद्दल.

घरच्यांसाठी

भाऊंच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या, "त्यायचं सगळे इचारतात, माहं कोनी नाही इचारत." अगदी खरं आहे. व्यसनाचा आजार घरातल्या प्रत्येकाला होतो. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे गट आहेत, ते १९५१ पासून चालतात. तिथं पहिला धडा असतो की त्याची दारू तुम्ही लावली नाही आणि तुम्ही ती ओढून काढूही शकत नाही. बाटल्या लपवणं, उधाऱ्या फेडणं, कामावर खोटं कळवणं हे थांबवा. मारहाण होत असेल तर ती सहन करणं म्हणजे श्रद्धा नव्हे. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्या, महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं असेल तर त्याची नोंदणी आहे का, रोज डॉक्टर येतात का, कुटुंबाला भेटू देतात का, हे विचारा. बांधून ठेवणं किंवा मारणं हा उपचार नाही, मग तो कोणत्याही देवाच्या नावानं चालू असो.

आज काय कराल?

रोज पीत असाल तर उद्यापासून एकदम बंद करण्याचा शब्द कोणालाही देण्याआधी जवळच्या डॉक्टरला भेटा. थांबवून दोन-तीन दिवस झाले असतील आणि थरथर, भ्रम, ताप किंवा झटका असेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेली मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. जवळची एए मीटिंग कुठं होते ते विचारून घ्या. प्रवास शक्य नसेल तर मोबाइलवरच्या मीटिंगही असतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

आणि सुटून पुन्हा घसरला असाल तर आजच एका माणसाला सांगा. पाळक असो, डॉक्टर असो, जुना मित्र असो. माझ्या दवाखान्यात त्यासाठी वेगळा नंबर लावावा लागत नाही. शुगर-बीपीच्या रांगेतच बसा, आत आल्यावर सांगा.